एका घराला किती बाग पुरते?

कोकणात कुणाला ‘तुमची वाडी केवढी?’ असं विचारलं तर उत्तर एकरात येत नाही, झाडांत येतं. ‘चाळीस माडांची आहे’, ‘दीडशे पोफळी आहेत’, ‘साठ कलमं आहेत’. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असतात, ते तलाठ्यासाठी. माणसं आपसांत बोलतात ती झाडांच्या हिशेबाने. आमची दादी तर त्याच्याही पुढे जायची. एखाद्या घराची ऐपत सांगताना ती म्हणायची, ‘त्यांचं वर्षाचं तेल घरचं आहे.’ म्हणजे त्या घरी इतके माड आहेत, की खायचं आणि डोक्याला लावायचं खोबरेल विकत आणावं लागत नाही. जमिनीचं माप तिने थेट स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं.

गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न नव्या भाषेत विचारला जाऊ लागला आहे. शहरातली नोकरी सोडून गावाकडे जमीन घेणारी तरुण मंडळी ‘फूड फॉरेस्ट’ हा शब्द वापरतात. मराठीत कुणी त्याला ‘जंगलबाग’ म्हणतं. कल्पना साधी आहे. जंगलात झाडं जशी मजल्यामजल्याने वाढतात, तशी बाग लावायची. सर्वांत वर उंच झाडं, त्यांच्या सावलीत मध्यम झाडं, मग झुडपं, त्याखाली पालेभाज्या, जमिनीत कंद आणि खोडांवर वेल. दरवर्षीची नांगरट आणि पेरणी शक्य तितकी टाळायची. हे सगळं ऐकून झालं की पहिला प्रश्न येतो : पाच माणसांच्या कुटुंबाला अशी किती गुंठे बाग लागेल?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या प्रश्नाचं वय निदान सातशे वर्षांचं आहे. इतिहासाने त्याची निरनिराळी उत्तरं देऊन ठेवली आहेत. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

आधी दोन शब्द शब्दांबद्दल. शेतीचे आपण दोन मोठे भाग करतो, जिरायत आणि बागायत. ‘जिरायत’ अरबीतून आला, ‘बागायत’च्या पोटात फारसी ‘बाग’ आहे. पण किनाऱ्यावरच्या माणसाने या दोन शब्दांवर भागवलं नाही. त्याच्याकडे ‘आगर’ होतं, ‘वाडी’ होती, घरामागचा ‘परस’ होता. अलिबागेच्या परिसराला तर नावच ‘अष्टागर’. गोव्यात, फोंडा-सांगे-सत्तरीच्या डोंगरउतारावर ‘कुळागर’ आहे. वर झऱ्याचं पाणी, खाली पोफळी आणि माड, त्यांच्या अंगावर मिरीचे वेल, मधे केळी, तळाशी अननस, हळद, आलं. इंग्रजी पुस्तकांत जंगलबागेचे जे मजले सांगतात, ते कुळागरात जाऊन बोटावर मोजावेत.

आता सातशे वर्षांपूर्वीचा साक्षीदार. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ साली महंमद तुघलकाचा वकील म्हणून दिल्लीहून चीनकडे निघाला. वाटेत लुटालूट झाली, तरीही तो मजल दरमजल करीत किनाऱ्यावर आला, गोवा पाहिला, होनावर पाहिलं आणि पुढे मलबारात उतरला. तिथली वाट पाहून हा वाळवंटाच्या कडेने आलेला माणूस थक्क झाला. मायदेशी परतल्यावर, १३५५च्या सुमारास त्याने सांगितलेल्या प्रवासवर्णनात ती वाट आहे. दोन महिन्यांचा तो रस्ता सगळा झाडांच्या सावलीतून जातो. वीतभर जमीन पडीक नाही. प्रत्येकाची स्वतंत्र बाग, मधोमध घर आणि भोवती लाकडी कुंपण. रस्ता या बागांमधूनच जातो. कुंपण आलं की लाकडी पायऱ्यांनी चढायचं आणि पलीकडच्या बागेत उतरायचं. मिरीचे वेल नारळाजवळ लावलेले आणि त्यावर चढवलेले त्याने पाहिले.

हे वर्णन वाचलं की वाटतं, बस्स, उत्तर मिळालं. घर, घराभोवती बाग, बागेत सगळं. पण हाच इब्न बतूता त्याच पुस्तकात जेवणाबद्दलही तक्रार करतो. होनावरच्या सुलतानाकडे तो एकदा अकरा महिने राहिला आणि त्या अकरा महिन्यांत त्याने भाकरी पाहिली नाही. रोज भात. पुढे मालदीव, सिंहलद्वीप, मलबार आणि कोरोमंडल मिळून तीन वर्षं त्याने भातावर काढली. शेवटी शेवटी पाण्याच्या घोटाबरोबरच तो भात गिळावा लागे, असं तो सांगतो.

या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. डोळ्यांसमोर दोन महिने बाग होती आणि ताटात मात्र तीन वर्षं भात होता. हा भात माडांच्या सावलीत पिकलेला नव्हता. भाताला ऊन लागतं, पाणी लागतं, उघडं खाचर लागतं. म्हणजे त्या सुंदर बागांच्या मागे कुठेतरी शेतं होती, आणि बागेचा हिशेब त्या शेतांसकट करायला हवा होता.

आपण हा हिशेब करून पाहू. कागद-पेन्सिल घेतलीत तरी हरकत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ढोबळमानाने २,२०० उष्मांक लागतात असं धरू. पाच माणसांच्या घराला वर्षाला साधारण ४० लाख उष्मांक होतात. आता एक एकर भातशेती घ्या. कोकणातल्या एका हंगामात एकरी १० क्विंटल भात मिळालं, त्याचा साडेसहाशे किलो तांदूळ झाला, तर त्यात २२-२३ लाख उष्मांक असतात. म्हणजे एक एकर भाताने पाचांपैकी पुरती तीन माणसंही जेवत नाहीत.

आता तोच एकर माडांखाली घाला. साडेसात मीटरच्या अंतराने एकरात सुमारे ७० माड बसतात. माडामागे ७० नारळ धरले तर वर्षाला ४,९०० नारळ. एका नारळाच्या ओल्या खोबऱ्यात हजारभर उष्मांक असतात. गुणाकार करा. ४९ लाख. भाताच्या दुपटीहून जास्त! पाच माणसं जेवून वर पाहुण्याची सोय. आणि माडांच्या खालची मोकळी जागा अजून आपण मोजलेलीच नाही.

जंगलबागेची जी मोठमोठी गणितं सांगितली जातात ती बहुधा अशीच केलेली असतात. त्यात खोटं काही नाही. फक्त ती माणसाच्या तोंडाला विचारून केलेली नसतात. या हिशेबाने घरातल्या प्रत्येकाने रोज दोन-सव्वादोन नारळांचं खोबरं खायला हवं. लहान मुलांनी, म्हाताऱ्यांनी, बाळंतिणींनीसुद्धा. आम्ही कोकणी माणसं खोबऱ्याला नाही म्हणत नाही, पण त्यालाही मर्यादा आहे. नुसत्या खोबऱ्यात प्रथिनंही पुरेशी नसतात. ती उणीव किनाऱ्यावर मासळी भरून काढत होती, आणि समुद्र काही कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हता.

दुसरी अडचण वेळेची. शेतातलं धान्य एकदा कणगीत पडलं की वर्षभर थांबतं. बाग थांबत नाही. फणस पिकतो तो सगळा एकदम, उन्हाळ्याच्या शेवटाला आणि पावसाच्या तोंडाला. एका झाडाखाली वीस-पंचवीस फणस पडून सडताना आपण पाहतो आणि त्याच घरात भाद्रपदात भाजी नसते. आपल्या आज्यांनी याच्यावर जे उपाय शोधले, ते अन्नाच्या इतिहासात सोन्याने लिहावेत असे आहेत. फणसपोळी, आंब्याची साठं, तळलेले गरे, वाळूत ठेवलेल्या आठळ्या, आमसुलं, वसईची सुकेळी, सुकं खोबरं. आपण यांना कोकण मेवा म्हणून डबीत भरून विकतो. मुळात ती बागेची कोठारं होती. उन्हाळ्यातलं अन्न पावसाळ्यापर्यंत नेणारी. आणि हे नेण्याचं काम जमीन करत नव्हती, बायकांचे हात करत होते. बागेला किती जमीन लागते हे विचारताना किती हात लागतात हेही विचारायला हवं.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे आणि तीच आपल्याला खऱ्या इतिहासात घेऊन जाते. बाग काय खाते?

गोव्याच्या दक्षिणेला, आजच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्हा आहे. शिरसी, सिद्धापूर, यल्लापूर हे त्याचे घाटावरचे तालुके. १८६२ साली हा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत मुंबईकडेच राहिला. तिथल्या दऱ्यांमध्ये हव्यक ब्राह्मणांच्या सुपारीच्या बागा आहेत. सुपारी, मिरी, वेलदोडा, केळी, सगळं एकावर एक. १८०१ साली फ्रान्सिस बुकॅनन हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर या भागातून गेला, त्यानेही या बागा नोंदवल्या आहेत. या बागांची खरी भूक होती पाल्याची. बागेच्या भोवतालच्या टेकडीवरच्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, तो पाला गोठ्यात गुरांखाली पसरायचा, शेणमुतात मुरला की तो खत म्हणून सुपारीच्या बुंध्याशी घालायचा. त्या टेकडीच्या रानाला कानडीत ‘बेट्टा’ म्हणतात.

इंग्रजांचं जंगल खातं आलं आणि भांडण लागलं. सरकारला सागवान हवं होतं, रेल्वेला स्लीपर हवे होते. बागवाल्यांना पाला हवा होता. सरकारी अधिकाऱ्यांपुढे मग अगदी आपलाच प्रश्न आला : एक एकर बागेला किती रान लागतं? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचं जे उत्तर नियमात बसलं ते ऐकून शहरातला माणूस दचकेल. बागेच्या एका एकरामागे जास्तीत जास्त नऊ एकर बेट्टा!

म्हणजे कुंपणाच्या आतली बाग एक एकर आणि तिला पोसणारं रान नऊ एकर. पाहुण्याला आपण दाखवतो तो एक एकर. तो हिरवा, दाट, थंडगार असतो. मागची टेकडी आपण दाखवत नाही. पुढे काही बेट्टे नीट राखले गेले, तर काही छाटून छाटून उघडे पडले, आणि खाली हिरवी बाग, वर बोडकी टेकडी असं चित्र झालं. बागेच्या हिशेबात रान धरलं नाही की काय होतं, ते त्या टेकड्यांवर वाचता येतं.

आपल्याकडे, ठाणे-कुलाब्यातही हेच भांडण झालं, फक्त ते भाताच्या बाजूने झालं. कोकणात भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजतात. त्यासाठी रानातून कवळ तोडायचे, शेण-पाला-गवत-माती यांचे थर द्यायचे आणि राब पेटवायचा. भाजावळीशिवाय रोप जोमदार येत नाही, असा शेतकऱ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. १८७८च्या वन कायद्यानंतर रानं राखीव होऊ लागली, कवळ तोडण्यावर बंधनं आली. ठाणे-कुलाब्यातून इतक्या तक्रारी गेल्या, की १८८५ साली सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ साली आला. त्यात राबाचा प्रश्न मोठा आहे. रानावरच्या हक्काची ही खदखद थांबली नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, माणसं मेली. आपण तो स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून शिकतो, आणि तो होताच. पण त्याच्या मुळाशी चूल, गोठा आणि खाचर यांना लागणारं रान होतं.

आता या हिशेबाची एक कठोर परीक्षा. ती केरळात झाली.

केरळ म्हणजे घरबागांचं माहेर. घराभोवती माड, फणस, आंबा, पोफळी, मिरी, केळी, सुरण. तरीही त्रावणकोर संस्थानाला लागणाऱ्या तांदळापैकी निम्म्याहून अधिक तांदूळ विसाव्या शतकात बाहेरून यायचा, त्यातला मोठा भाग ब्रह्मदेशातून. बागेतला नारळ, काथ्या, मिरी बाहेर जायची आणि तिच्या पैशाने रंगूनचा तांदूळ आत यायचा. ही अदलाबदल इतकी अंगवळणी पडली होती, की बाग आपल्याला जेवू घालते असंच सगळ्यांना वाटत होतं. एका अर्थी घालतही होती, पण मधे एक जहाज होतं.

मार्च १९४२मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि ते जहाज बंद झालं. पुढची दोन वर्षं त्रावणकोरच्या गरिबांनी जी काढली, ती फार थोड्यांना माहीत आहेत, कारण त्याच काळात बंगालमध्ये त्याहून प्रचंड दुष्काळ पडला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. पण त्रावणकोरमध्येही लोक उपासमारीने आणि त्यातून आलेल्या रोगांनी मेले. नामदार गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाशी संबंधित कार्यकर्ते तिथे मदतीला गेले होते. के. जी. शिवस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३-४४ सालच्या या उपासमारीवर लिहिलेला अहवाल उपलब्ध आहे. हिरव्यागार झाडीत माणसं भुकेने मेली. ज्यांच्याकडे बाग नव्हती, फक्त दुसऱ्याच्या बागेत राहायची झोपडी होती, ती आधी मेली. ज्यांच्या परसात कंद होते, ती तगली.

तो कंद म्हणजे टॅपिओका. आपण उपासाला ज्या साबुदाण्याची खिचडी करतो, तो याच कंदापासून होतो. १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं होतं. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली असतील. साठ वर्षांनी त्याच कंदाने त्यांची नातवंडं जगवली. थोड्या जमिनीत, हलक्या मातीत, भरपूर पिष्ट देणारं हे पीक. बागेच्या गणितात वरच्या मजल्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. संकटात मात्र तळमजल्याने, जमिनीखालच्या कंदांनी हात दिला. आपल्या कोकणातही सुरण, करांदे, कणगी, अळकुड्या होत्या. आज बाजारात करांदे दिसले, तर तरुण मुलं विचारतात, हे काय आहे?

कोकणची गोष्ट त्रावणकोरहून फार वेगळी नव्हती. आमच्याकडे जहाजाऐवजी मनिऑर्डर होती. रत्नागिरीची माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बोटींवर गेली. आमच्यातली कित्येक खलाशी झाली, आखाताच्या आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेली. त्यांच्या पैशाने घरी धान्य यायचं. वाडी होती, ती तोंडी लावायला, सणाला, लग्नाला, आजारपणाला आणि परत येण्याच्या आशेला. ती पोटाला पुरेल असं कुणी म्हटलं नाही. पण ती नसती, तर मनिऑर्डर यायला महिना उशीर झाल्यावर घरात काय शिजलं असतं, हेही कुणी सांगू शकलं नसतं.

आता विसाव्या शतकातली दोन उत्तरं पाहू.

इंग्लंडमध्ये श्रॉपशर परगण्यात वेनलॉक एज नावाच्या डोंगरधारेवर रॉबर्ट हार्ट (१९१३-२०००) नावाचा गृहस्थ राहत होता. गांधीजींच्या विचारांचा त्याच्यावर प्रभाव होता आणि केरळच्या घरबागांबद्दल त्याने वाचलं होतं. त्याने आपल्या घराजवळ सुमारे ५०० चौरस मीटर, म्हणजे आपले पाच गुंठे जागेत सात मजल्यांची बाग उभी केली. १९९१ साली त्याचं पुस्तक आलं आणि जंगलबाग ही कल्पना युरोप-अमेरिकेत पसरली. आज आपली मुलं तीच कल्पना इंटरनेटवरून परत आणतात. हार्टच्या बागेत सफरचंद होती, बेरी होत्या, पालेभाज्या आणि वनौषधी होत्या. धान्याचं शेत मात्र त्या पाच गुंठ्यांत नव्हतं. त्याची बाग पाहून पाच गुंठ्यांत कुटुंब जेवतं, असा निष्कर्ष काढणं बरोबर होणार नाही.

दुसरं उत्तर आपल्या घरचं आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर (१९२४-२००१). त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात प्रयोग करायचे आणि एकमेकांना कळवायचे, अशी ही चळवळ. महाराष्ट्रातल्या द्राक्षशेतीला तिने दिलेला धक्का सगळ्यांना ठाऊक आहे. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून त्यांनी मांडलेला विचार असा, की पाच माणसांच्या कुटुंबाला चांगलं जगायला दहा गुंठे, म्हणजे पाव एकर पुरते. दाभोळकर गणिताचे, त्यामुळे त्यांनी जमीन मोजलीच नाही, ऊन मोजलं. पानावर पडणारं ऊन हे त्यांचं भांडवल. जिथे ऊन पडून वाया जातं तिथे पान नेऊन ठेवा, पिकाचा उरलेला काडीकचरा मातीला परत द्या, एका बोटाएवढीही जागा रिकामी ठेवू नका. 

दहा गुंठ्यांचं हे उत्तर वाचून काहीजण हसतात, काहीजण लगेच दहा गुंठे विकत घ्यायला निघतात. दोघांनीही त्यातली अट नीट वाचलेली नसते. दाभोळकरांचे दहा गुंठे मिळतात ते माती तयार केल्यावर, रोज त्या मातीत उभं राहिल्यावर आणि प्रत्येक झाडाचा हिशेब ठेवल्यावर. सिद्दापूरच्या बागवाल्याने जो पाला नऊ एकरांतून आणला, तो दाभोळकर म्हणतात की बागेतच तयार करा. रान बाहेर ठेवण्याऐवजी आत आणा. हे होऊ शकतं, पण त्याची किंमत म्हणून माणसाला आपला दिवस आणि आपलं डोकं द्यावं लागतं.

माझा स्वतःचा ढोबळ हिशेब विचाराल तर असा आहे. कोकणात, पाण्याची सोय असलेल्या जागी, पाच माणसांच्या घराला दहा-पंधरा गुंठ्यांच्या जुन्या, वाढलेल्या बागेतून तेल, फळं, भाज्या, मसाला आणि कंद मिळतील. पोटाचा तिसरा हिस्सा ती भरेल. डझनभर माड, दोन फणस, केळीची बेटं, तळाशी सुरण-करांदे, एवढ्यावर हा आकडा येतो. निम्मं पोट भाताने भरायचं तर ३५ गुंठे खाचर हवं. उरलेलं मासळी, डाळी, कोंबडी-बकरी यांतून. म्हणजे सव्वा एकराच्या आसपास जमीन, तिच्या मागे पाल्याला आणि पाण्याला थोडं रान, आणि बाग मोठी होईपर्यंत सात-आठ वर्षांचा धीर. उत्तम हातांत हा आकडा खाली येईल, वाईट हातांत दुप्पट होईल.

या आकड्याला महत्त्व का आहे? कारण जमिनीचे तुकडे थांबत नाहीत. २०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात दर खातेदारामागे सरासरी १.३४ हेक्टर जमीन होती. केरळात ०.१८ हेक्टर, म्हणजे अठरा गुंठे. आमच्या भागात एकेका वाडीच्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं आहेत. भाऊ, चुलते, आमच्यात तर शरियतीप्रमाणे बहिणी, आत्या, त्यांची मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला हिशेबाने चार माड येतात, आणि चार माडांची राखण करायला मुंबईहून कोण येणार? मग कुणीतरी म्हणतं, विकून टाकू, पैसे वाटून घेऊ. १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने शेताचा लहानात लहान तुकडा किती असावा हे ठरवायला सुरुवात झाली. ऑगस्ट २०२३च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात ते प्रमाण जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे केलं. योगायोग पाहा, दाभोळकरांचे दहा गुंठे आणि सरकारचे दहा गुंठे. पण दाभोळकरांच्या दहा गुंठ्यांत कुटुंब उभं होतं. सरकारी दहा गुंठ्यांत खरेदीखत उभं आहे.

आणि ३ जून २०२०. निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं. एका दुपारी रायगडच्या आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची जुनी जुनी आगरं काही तासांत गेली. शेत गेलं तर पुढच्या पावसात पुन्हा पेरता येतं. आगर गेलं तर पोफळीचं पहिलं फळ पाहायला सात-आठ वर्षं जातात. नुकसानभरपाई आधी हेक्टरने मिळत होती. लोकांनी ओरड केली की आमचं हेक्टर नाही, आमची झाडं गेली. शेवटी सरकारने झाडांच्या हिशेबाने मदत द्यायचं ठरवलं. कोकणी माणसाची जुनी मोजणी खरी होती, हे कबूल व्हायला एक वादळ लागलं.

पडलेल्या वाड्यांपैकी काही पुन्हा लावल्या गेल्या आहेत. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ नावाची पद्धत दिली आहे. माडांच्या मधे जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस. हे जुन्या आगराचंच आखीव रूप आहे. ती लावावी, तिच्यातून पैसाही मिळतो. माझी विनंती एवढीच, की लावताना तळमजल्यावर दोन वाफे सुरणाचे, करांद्याचे, अळूचे ठेवा. त्यांना बाजारात भाव नाही, मान्य. १९४३च्या त्रावणकोरातही त्यांना आधी भाव नव्हता.

आणि वाडीची वाटणी करायला बसाल, तेव्हा गुंठे मोजण्याआधी एकदा झाडं मोजा. विहीर कुणाच्या वाट्याला जाते, पाल्याची टेकडी कुणाच्या वाट्याला जाते, हे पाहा. जमीन वाटता येते. एकमेकांच्या सावलीत उभी असलेली झाडं, त्यांचं पाणी आणि त्यांचं रान वेगळं वेगळं केलं, की प्रत्येकाच्या हाती कागद येतो आणि बाग कुणाच्याच हाती राहत नाही. जमत असेल तर वाडी एकत्र ठेवा, उत्पन्न वाटा. तेवढं जमलं तरी त्या घराचं वर्षाचं तेल घरचं राहील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)